टाकलेल्या बायकोचे दागिने

मूल होत नाही म्हणून नेपोलियनने जोझेफीनला सोडलं, ते डिसेंबर १८०९ मध्ये. तेरा वर्षांचा संसार होता. पहिल्या नवऱ्यापासून तिला एक मुलगा नि एक मुलगी होती, त्यामुळे खोट आपल्यातच असावी अशी धास्ती बादशहाला बरीच वर्षं होती. मग बाहेर एकीला त्याच्यापासून मुलगा झाला, पुढे दुसरीला दिवस गेले आणि ती धास्ती फिटली. १८१० मध्ये ऑस्ट्रियाची राजकन्या मारी लुईझ घरात आली, १८११ मध्ये पाळणा हलला, पॅरिसमध्ये तोफा झाल्या. तो मुलगा एकविसाव्या वर्षी व्हिएन्नात क्षयाने गेला. लग्नच झालं नव्हतं, तेव्हा औरस वंश तिथेच संपला.

आणि टाकलेली जोझेफीन? स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, बेल्जियम, लक्झेंबर्ग, या पाचही राजघराण्यांत आज तिचा वंश आहे. नुसता वंश नाही, तिचे दागिनेही त्यांतल्या काहींकडे आहेत. काचेच्या कपाटात नाहीत, अंगावर आहेत.

राजेशाही मला पटत नाही. जन्माने कुणी राजा व्हावं आणि बाकीच्यांनी त्याचे फोटो बघावेत, याचं समर्थन करायला मी जाणार नाही. पण फोटो मी बघतो, हेही खरं. दरवर्षी १० डिसेंबरला स्टॉकहोमला नोबेलचा समारंभ असतो, तेव्हा लोक विजेते बघतात आणि मी स्वीडनच्या राणी सिल्व्हियाच्या डोक्यावर काय आहे ते बघतो. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी धोतर नेसून आणि एस्थर डुफ्लो साडी नेसून व्यासपीठावर आले, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांची नजर त्या धोतराच्या निऱ्यांवर होती. आई मूळची पाटणकर, शिवाय पूर्ण नाव अभिजित विनायक, तेव्हा मराठी माणसाने तेवढा हक्क सांगावा हे साहजिकच. माझं लक्ष मात्र सारखं उजवीकडे-डावीकडे धावत होतं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, नोबेल बघताय की सराफाचं दुकान?"

दोन्ही बघत होतो. पण सराफाच्या दुकानात मला जाववत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. नव्या दागिन्याचं मला काही वाटत नाही. कुणाकडून कुणाकडे आला, मध्ये कुणाच्या हातून निसटता निसटता राहिला, कुणी तो मिरवला आणि कुणी डब्यात ठेवून दिला, हे कळलं की मगच त्याच्याकडे बघावंसं वाटतं. आणि या बाबतीत स्वीडनच्या बर्नादोत घराण्याचा हात धरणारं कुणी नाही. ब्रिटिशांकडे हिरे मोठे आहेत, पण त्यांच्या कथा तलवारीच्या आणि तहाच्या. बर्नादोतांच्या कथा बायकांच्या आहेत.

आता तो कॅमिओंचा टियारा, म्हणजे केसांत बसवायचा अर्धमुकुट, घ्या. साधारण १८०९ च्या सुमाराचा, पॅरिसमध्ये घडवलेला. मोत्यांच्या ओळी, सोन्याची नाजूक पानं, आणि त्यांत बसवलेले सात कॅमिओ, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर फिकट थरात कोरलेल्या आकृती. मधला सगळ्यात मोठा, त्यावर रोमन पुराणातला प्रेमदेव क्युपिड आणि त्याची प्रेयसी सायकी. हिरा औषधालाही नाही. पहिल्यांदा फोटोत पाहिला तेव्हा मला तो मुकुट वाटलाच नाही, एखाद्या जुन्या पेटीचं झाकण कपाळावर आडवं धरलंय असं वाटलं. आजही तो सुंदर आहे की नाही यावर माझं स्वतःशीच एकमत होत नाही. झगमगत नाही, हे मात्र मला आवडतं. नेपोलियनला रोमच्या सीझरांच्या पंक्तीत बसायचं होतं, म्हणून त्याच्या दरबारात रोमन धाटणीच्या कॅमिओंचं खूळ होतं. खूळ गेलं, साम्राज्य गेलं, टियारा राहिला.

तो जोझेफीनकडून तिचा मुलगा यूजेन याच्या घरी आला. यूजेनची थोरली मुलगी आजीच्याच नावाची, जोसेफिना. तिच्याबरोबर तो १८२३ मध्ये स्वीडनला गेला. तिने तो आपल्या मुलीला, राजकन्या यूजेनीला दिला. यूजेनी आजारी, अविवाहित. तिच्याकडून तो पुतण्याकडे गेला, राजपुत्र यूजेन नावाच्या चित्रकाराकडे. हाही अविवाहित. एका पुरुषाच्या कपाटात हा टियारा वर्षानुवर्षं पडून होता, हा मला या सगळ्या प्रवासातला आवडता टप्पा. मनात आणलं असतं तर विकून त्याने चित्रं घेतली असती. तसं न करता १९३२ मध्ये घरात नवी सून आली, सिबिला, तेव्हा लग्नाची भेट म्हणून त्याने तो तिला देऊन टाकला.

सिबिलाचं आयुष्य फार सुखाचं गेलं नाही. १९४७ च्या जानेवारीत कोपनहेगनच्या विमानतळावर विमान कोसळून तिचा नवरा गेला. पदरात चार मुली आणि नऊ महिन्यांचा मुलगा. ती राणी कधीच झाली नाही. पण टियारा तिने लेकींना लग्नात घालायला दिला. बिर्गिटाने १९६१ मध्ये घातला, देझिरेने १९६४ मध्ये. मग तो मुलगा राजा झाला, आणि म्युनिक ऑलिंपिकमध्ये पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या सिल्व्हिया झोमरलाटशी त्याने लग्न केलं, १९ जून १९७६ रोजी. तिच्या डोक्यावर तोच. १९ जून २०१० रोजी त्यांच्या लेकीचं, युवराज्ञी व्हिक्टोरियाचं लग्न झालं, व्यायामशाळा चालवणाऱ्या डॅनियल वेस्टलिंगशी. पुन्हा तोच टियारा. जोसेफिनाचं स्टॉकहोममधलं लग्नही १९ जूनचंच होतं, १८२३ सालचं, आणि तिन्ही लग्नं एकाच चर्चमध्ये लागली.

जोसेफिना स्वीडनला गेली कशी, ही तर दूरदर्शन मालिकेला लाजवील अशी गोष्ट आहे. नेपोलियन अजून साधा सेनापती होता तेव्हा मार्सेयच्या एका रेशीम व्यापाऱ्याच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिचं नाव देझिरे क्लारी. मग पॅरिसमध्ये त्याला जोझेफीन भेटली आणि देझिरेचं लग्न मोडलं. देझिरेने पुढे दुसऱ्या सेनापतीशी लग्न केलं, त्याचं नाव बर्नादोत. हा फ्रान्समधल्या पो गावच्या वकिली कारकुनीतल्या माणसाचा मुलगा, आधी राजाच्या सैन्यात शिपाई, मग क्रांतीच्या सैन्यात वर चढलेला. १८१० मध्ये स्वीडनच्या म्हाताऱ्या, निपुत्रिक राजाला वारस हवा होता आणि स्वीडिश लोकांनी चक्क या फ्रेंच सेनापतीला निवडलं. देझिरे बिचारी १८११ मध्ये तिकडे गेली, थंडी बघितली आणि परत पॅरिसला आली. बारा वर्षं स्वीडनकडे फिरकलीच नाही. नवरा राजा झाला तरी बाईसाहेब पॅरिसमध्येच. शेवटी १८२३ मध्ये मुलाच्या लग्नासाठी गेली, आणि कुणाबरोबर? होणाऱ्या सुनेबरोबर. ती सून म्हणजे जोसेफिना, जिच्या आजीसाठी नेपोलियनने देझिरेला नाकारलं होतं तिची नात! त्या बोटीवर सासू-सुनेत काय बोलणं झालं असेल याचा विचार मी पुष्कळदा करतो. सुनेच्या पेट्यांमध्ये जोझेफीनचे दागिने होते. सासूकडे स्वतःचे माणकांचे होते, ते पुढे सांगतो.

बर्नादोत राजा झाला ते साल १८१८. त्याच साली इकडे पेशवाई बुडाली, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांच्या स्वाधीन होणं पत्करलं आणि नाशिकचा म्हणून ओळखला जाणारा प्रसिद्ध हिरा कंपनीच्या हाती पडून लंडनच्या बाजारात गेला. पुढे एका उमरावाच्या तलवारीच्या मुठीत बसला, विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने तो पुन्हा कापून लहान केला, त्यानंतरही तो हात बदलत राहिला. दगड तोच असूनही त्याला घर उरलं नाही. त्याच साली गादीवर बसलेल्या शिपायाच्या घरातले दागिने मात्र घरात राहिले, याची मला कधी चीड येते आणि कधी नुसतंच नवल वाटतं.

जोसेफिनाने आणलेल्या दागिन्यांत नीलमण्यांचा संच आहे. टियाऱ्यावर अकरा मोठे नीलम, भोवती हिऱ्यांची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आणि वर पानं. नीलम काढून त्यांच्या जागी मोती बसवता येतात, अशी त्याची रचना. तिच्या आईला, बव्हेरियाच्या ऑगस्टाला, १८०६ मधल्या लग्नात नेपोलियनने तो दिला असं सांगतात. आता तो घराण्याच्या न्यासाच्या मालकीचा आहे, त्यामुळे वाटण्यांच्या वेळी कुणी ओढाताण करू शकत नाही. पाचूंचा संच जोझेफीनचाच असल्याचं सांगतात. तो जोसेफिनाच्या पणतीमार्फत, मार्था तिचं नाव, नॉर्वेला गेला.

हिऱ्यांचा सगळ्यात मोठा टियारा ब्रागांझा म्हणून ओळखला जातो. तो जोसेफिनाच्या धाकट्या बहिणीचा, अमेलीचा. अमेली सतरा वर्षांची असताना १८२९ मध्ये ब्राझीलच्या बादशहाची, पहिल्या पेद्रोची दुसरी बायको होऊन रिओला गेली. दीड-दोन वर्षांत पेद्रोला गादी सोडावी लागली. १८३४ मध्ये तो वारला, तेव्हा ही बावीसची. एकच मुलगी, तीही १८५३ मध्ये क्षयाने गेली. १८७३ मध्ये लिस्बनला स्वतः गेली तेव्हा दागिने ठेवायला मागे कुणी नव्हतं, म्हणून ते स्टॉकहोमच्या बहिणीला. आज तो टियारा सिल्व्हिया घालते, आणि सिल्व्हियाची आई ब्राझीलची. दीडशे वर्षांपूर्वी कुणी हे ठरवून केलं असतं तरी इतकं बेमालूम जमलं नसतं.

इथे मी स्वतःला जरा आवरतो. त्या काळचा ब्राझील हिऱ्यांसाठी प्रसिद्ध होता आणि तिथल्या खाणींत गुलाम राबत होते. ब्राझीलमधली गुलामगिरी १८८८ मध्ये संपली, अमेलीच्या मृत्यूनंतरही पंधरा वर्षांनी. नेपोलियनच्या सैन्याने इटलीतून काय काय उचलून आणलं तेही सर्वांना माहीत आहे. तेव्हा जोझेफीनच्या नातींची गोष्ट कितीही हृद्य असली, तरी या दगडांना कुणाचा तरी घाम आणि रक्त लागलेलं आहे, आणि ते पुसलं जात नाही. मी ते विसरत नाही, पण बघायचंही थांबवत नाही. हे विसंगत आहे, पण आहे.

स्वीडनचं सगळंच सुंदर आहे असंही नाही. पहिल्या बर्नादोत राजाच्या राज्याभिषेकाच्या मुकुटावर म्हणे हिऱ्यांची बटणं होती. विसाव्या शतकात कुणाच्या तरी डोक्यात आलं की ती एका पट्टीवर ओळीने बसवावीत, म्हणून सहा बटणांचा एक टियारा आणि चार बटणांचा दुसरा तयार झाला. इतका कुरूप ऐवज एवढ्या श्रीमंत घरात कसा टिकला, हे मला समजत नाही. कोटाची बटणं कपाळावर लावून कोण हिंडतं? पण घरातल्या बायका आळीपाळीने तो निमूट घालतात. बहुधा नवीन आलेल्या सुनेची परीक्षा.

देझिरेच्या माणकांकडे येतो. डिसेंबर १८०४ मध्ये नोत्र दामला नेपोलियनने बादशाही मुकुट घातला, तेव्हा सेनापतींच्या बायका दरबाराला शोभतील अशा याव्यात म्हणून त्यांना दागिन्यांसाठी पैसे मिळाले. बर्नादोतने देझिरेसाठी माणकांचा आणि हिऱ्यांचा संच घेतला. तो तिच्या सुनेकडे गेला, सुनेकडून सुनेच्या नातीकडे. ही नात, लोविसा, राजा पंधराव्या कार्लची हयात असलेली एकुलती एक मुलगी. पण मुलगी असल्याने तिला गादी मिळणं शक्य नव्हतं, ती १८७२ मध्ये काकाकडे गेली. १८६९ मध्ये लोविसाचं लग्न डेन्मार्कच्या युवराजाशी झालं, तेव्हा आजीने लाल माणकं नि पांढरे हिरे तिला दिले, कारण डॅनिश झेंडा लाल आणि पांढरा. स्वीडनने कायदा बदलून थोरल्या अपत्याला, मग ती मुलगी का असेना, वारस केलं ते १९८० मध्ये. म्हणूनच व्हिक्टोरिया युवराज्ञी आहे. लोविसाला हे एकशे आठ वर्षं उशिरा.

डेन्मार्कमध्ये ही माणकं सुनांच्या वाटेने गेली. लोविसानंतर सून अलेक्सांद्रिन, तिच्यानंतर सून इन्ग्रिड. इन्ग्रिड पुन्हा स्वीडनचीच राजकन्या, १९३५ मध्ये डेन्मार्कला आलेली. तिने टियारा मोडून नव्हे पण भर घालून मोठा केला. आपल्याकडे आजीच्या पाटल्या प्रत्येक लग्नाला आटतात, वजन तेच राहतं आणि घडण गेली याची हळहळ वीस वर्षं चालते. तिकडे सोनार बोलावून काही कड्या जोडतात, काही सुट्या करतात, जुनं रूप ओळखू येईल एवढं ठेवतात. गरज नसली की मोडायची वेळ येत नाही, हे उघड आहे. श्रीमंती हाच जतनाचा सगळ्यात मोठा मसाला.

इन्ग्रिडकडे दुसऱ्या वाटेने आलेला एक टियारा होता आणि तो मला सगळ्यांत जवळचा. तिची आई मार्गारेट, ब्रिटनच्या कॉनॉटच्या ड्यूकची मुलगी. १९०५ मध्ये ती कैरोला गेली असताना स्वीडनच्या राजपुत्राशी तिची भेट झाली आणि तिथेच लग्न ठरलं. म्हणून इजिप्तच्या खेदिवाने, म्हणजे तिथल्या शासकाने, लग्नात तिला कार्तिए या फ्रेंच जवाहिऱ्याचा, हिऱ्यांच्या वेलबुट्टीचा टियारा भेट दिला. मार्गारेट १ मे १९२० रोजी अचानक गेली, पोटात आठ महिन्यांचं मूल असताना. इन्ग्रिड तेव्हा दहा वर्षांची. पाच भावंडांत दागिने वाटले गेले आणि हा एकुलत्या एक लेकीकडे आला.

इन्ग्रिडच्या तीन मुली. १९६४ मध्ये धाकटी ॲन-मारी ग्रीसच्या राजाशी लग्न करताना तो घालून उभी राहिली, १९६७ मध्ये मार्ग्रेथे, १९६८ मध्ये बेनेडिक्टे. नंतर त्यांच्या मुली. नियम एवढाच, की इन्ग्रिडच्या पोटच्या लेकी-नातींनीच तो लग्नात घालायचा. इन्ग्रिड २००० मध्ये गेली, टियारा ॲन-मारीकडे आला, ग्रीसचं राज्य तर कधीच गेलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ॲन-मारीची मुलगी थिओडोरा अथेन्सला बोहल्यावर उभी राहिली तेव्हा तिच्याही केसांत तो होता. फोटो मी जवळ ओढून बघितला. हिऱ्यांच्या वेली तशाच. आईशिवाय वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलीने आईची एक वस्तू धरून ठेवली, आणि शंभर वर्षांनी तिची नात ती घालून हसते आहे. याला तुम्ही राजेशाहीचं कौतुक म्हणा, मला काही हरकत नाही.

डेन्मार्कची सून मेरी हिला तो मिळाला नाही, मिळणारही नव्हता. टास्मानियाची मुलगी, २००४ मध्ये युवराज फ्रेडरिकशी लग्न झालं, २०२४ च्या जानेवारीत राणी झाली. पण इन्ग्रिडने माणकांचा संच मृत्युपत्रात नातू फ्रेडरिकच्या नावे ठेवला होता, त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी. लग्नाआधीच्या समारंभात मेरी तो घालून आली. २०१० मध्ये तिने सोनाराकडून त्यात दुरुस्त्या करून घेतल्या, थोडा सुटसुटीत केला. जुन्या दागिन्यांचे भक्त तेव्हा नाराज झाले होते. मला तिचं बरोबर वाटतं. इन्ग्रिडने वाढवला, मेरीने आटोपशीर केला. घालायचा तर डोकं दुखता कामा नये.

डोकं न दुखवता ठेवायचा तर संग्रहालय आहेच, आणि तिथे काय होतं हेही आपण पाहिलं. फ्रेंच प्रजासत्ताकाने १८८७ मध्ये राजघराण्याचे बहुतेक जवाहीर लिलावात काढले. पुन्हा राजा नको, तर मुकुट तरी कशाला, असा हिशोब. त्यातलं आणि इतर घराण्यांतलं थोडंफार नंतर लूव्रने जमवलं. १९ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी चोरटे सामान चढवायच्या शिडीच्या गाडीवरून अपोलो दालनाच्या सज्जात चढले आणि काही मिनिटांत आठ दागिने घेऊन गेले. त्यांत मारी लुईझला नेपोलियनने लग्नात दिलेला पाचूंचा हार होता. त्यांत ऑर्तान्स राणीचे नीलमही होते. ऑर्तान्स म्हणजे जोझेफीनची मुलगी, यूजेनची बहीण. तिसऱ्या नेपोलियनची बायको, सम्राज्ञी यूजेनी, हिचा मुकुट पळताना खाली पडला आणि चेपला.

स्वीडनलाही चोर चुकलेले नाहीत. जुलै २०१८ मध्ये स्ट्रेंगनेसच्या चर्चमधून नवव्या कार्लचे आणि त्याच्या राणीचे अंत्यविधीचे मुकुट भरदिवसा उचलले, चोर मोटरबोटीतून पळाले, आणि पुढच्या फेब्रुवारीत तो ऐवज एका कचऱ्याच्या डब्यावर सापडला. म्हणजे शवपेटीतले दागिनेही सुरक्षित नाहीत. तरी मुलाच्या घरचे नीलम स्टॉकहोमला मेजवानीत लखलखत असताना मुलीचे पॅरिसमधून भरदिवसा नाहीसे व्हावेत, ही जोझेफीनच्या घरची फूट मला चुटपुट लावून गेली. सिल्व्हिया नीलम घालते तेव्हा त्याला नुसती शोभा म्हणणं मला जड जातं. पाहुण्यांत बसली की सुरक्षारक्षकही तिच्याबरोबरच बसलेले असतात.

व्हिक्टोरियाची मुलगी एस्टेल २०१२ ची आहे. तिच्या लग्नात ती कॅमिओंचा टियारा घालणार की आणखी कुठला, यावर परदेशातल्या टियाराप्रेमी मंडळींचे आतापासून वाद चालू आहेत. माझं मत कॅमिओच्या बाजूने. बायकोचं मत विचारलं, ती म्हणाली, "आधी तिला दहावी होऊ दे."